काटेवाडीचा काटशह

आमच्या काटेवाडीत बुद्धिबळ फारसं कोणी खेळत नाही. तरीही महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त बुद्धिबळ आमच्याच गावात चालतं. पेपरात तसं छापून येतं, म्हणजे खरंच असणार.

शरद पवारांचं मूळ गाव ना! साहेब कुणाच्या घरी जेवायला गेले, की ‘शह’. न जेवता परतले, की ‘काटशह’. नुसतेच गालात हसले, की ‘तिरकी चाल’. आणि दिवसभर काहीच केलं नाही, तर ती सगळ्यात मोठी ‘खेळी’.

2024 च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा टीव्हीवर काळे-पांढरे चौकोन नुसते नाचत होते. वजीर कोण, प्यादं कोण, राजाची कोंडी कुठल्या घरात झाली, चर्चेला बसलेल्या सहाही जणांना सगळं पाठ. त्यातल्या एकाला उंट कसा चालतो विचारलं असतं, तर त्याने जैसलमेरला फोन लावला असता.

आणि ज्यांच्या नावावर हे सगळं बुद्धिबळ खपलं, ते साहेब 2010 ते 2012 जागतिक संघटनेचे अध्यक्ष होते.

क्रिकेटच्या.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी गावात येते. परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, रथाभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्या आमच्याकडे वर्षातून एकदाच धावतात, आणि कशाभोवती धावतोय हे त्यांना ठाऊक असतं. राजकीय विश्लेषकांचं रिंगण बारमाही.

असो. खरं बुद्धिबळ हवं असेल तर गाडी नागपूरकडे वळवावी लागते.

28 जुलै 2025. जॉर्जियातलं बातुमी. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. दोन लांबलचक डाव बरोबरीत सुटलेले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात काळे मोहरे घेऊन बसलेली 19 वर्षांची दिव्या देशमुख जिंकते. समोर कोण? कोनेरू हम्पी. हम्पी ग्रँडमास्टर झाली 2002 साली, दिव्या जन्मली 2005 साली. ही पाळण्यात यायच्या आधी तिची पाटी दारावर लागलेली होती.

डाव संपला. हम्पीशी हात मिळवला आणि दिव्याचे डोळे भरून आले. मग आई दिसली. आईच्या गळ्यात पडून पोरगी ढसाढसा रडली. मूठ हवेत नाही, आरोळी नाही, काही नाही.

आमच्याकडे ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक जिंकली तरी जेसीबीतून गुलाल पडतो.

या स्पर्धेला जाताना दिव्याचं मानांकन होतं पंधरावं. ग्रँडमास्टर किताबाचे नॉर्म किती? शून्य. एरवी तीन नॉर्म लागतात, वर 2500 चं गुणांकन. विश्वचषक जिंकला की मात्र किताब थेट हातात. एक तरी नॉर्म पदरात पडावा अशी आशा धरावी, आणि घरी येताना भारताची 88वी ग्रँडमास्टर होऊन यावं! भारतीय महिलांत चौथी. एकही कागद पुरा नसताना काम फत्ते.

तलाठ्याकडे एक उतारा कमी पडला, तर आमचं प्रकरण तीन वर्षं लटकतं.

आता खरी गंमत. अंतिम फेरीपर्यंतच्या वाटेत चिनी भिंत होती, तीही दुपदरी. आधी झू जिनर, स्पर्धेतलं दुसरं मानांकन. ती टायब्रेकरमध्ये गारद. मग उपांत्य फेरीत टॅन झोंगयी. ही 2017 ची जगज्जेती. बातुमीच्या तीनच महिने आधी ज्यू वेनजूनविरुद्ध जगज्जेतेपदाची लढत खेळून आलेली. जिंकलेला डाव किती चालींचा? 101.

आहेराच्या पाकिटात घालतात तो आकडा. फक्त इथे तो पाच-सहा तास मान खाली घालून मोजावा लागतो.

चिनी ग्रँडमास्टर हे काय प्रकरण असतं, ते काटेवाडीच्या माणसाला समजवायला एक मिनिट पुरे. चीनमध्ये ग्रँडमास्टर आडसाली उसासारखा पिकवतात. लागणीची नोंद सरकारदरबारी, पाणी सरकारचं, खत सरकारचं, तोड कधी ते वरून ठरणार, गाळपही तिथेच. पोरानं फक्त उभं राहायचं आणि गोड व्हायचं.

गंमत म्हणजे याच देशात सांस्कृतिक क्रांतीच्या काळात या खेळावर बंदी होती. पाश्चात्त्यांचं थेर, म्हणून. बंदी उठली आणि 1978 साली ते पहिल्यांदा ऑलिंपियाडला उतरले. तिथे लिऊ वेनझे नावाच्या खेळाडूने हॉलंडचा ग्रँडमास्टर डॉनर वीस चालींत झोपवला. पाहुणे म्हणून आले आणि यजमानाचा पाट ओढून बसले.

मग योजना. आधी बायकांचं जगज्जेतेपद, मग बायकांचा संघ, मग पुरुषांचा संघ, शेवटी पुरुषांचं जगज्जेतेपद. शिए जूनने 1991 साली पहिला टप्पा उरकला. 1998 ला दुसरा. 2014 ला तिसरा. 2023 ला चौथा. चार टप्प्यांची योजना आणि चारही टप्पे पुरे! आमच्याकडच्या पाणीयोजनेत चौथ्या टप्प्याचं भूमिपूजन आधी होतं, पहिल्याचा पाइप नंतर येतो.

आणि बघा, त्यांनी सुरुवात बायकांपासून केली. आमच्याकडे बायकांपासून सुरुवात होते ती फक्त निवडणुकीच्या वर्षात.

चौथ्या टप्प्याचा मानकरी डिंग लिरेन. जन्म 1992, गाव वेन्झोउ. स्वभाव असा, की बारशाला आला तर कोपऱ्यातली खुर्ची शोधेल. पण पटावर? 2017-18 मध्ये सलग शंभर डाव हरला नाही. शंभर! आमच्याकडे सलग शंभर दिवस एका पक्षात राहिला तरी निष्ठावंत म्हणतात.

या डिंगचा किस्सा ऐका. 2022 मध्ये रशियाच्या कर्जाकिनवर बंदी आली आणि आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत एक जागा रिकामी झाली. गुणांकनाने डिंगचा हक्क. पण करोनाच्या काळात घरात बसून राहिल्यामुळे खेळलेले डाव नियमाला कमी पडत होते. चिनी संघटनेने काय करावं? त्या एका माणसासाठी घाईघाईने स्पर्धा भरवल्या आणि डाव पुरे करून घेतले. मग डिंग माद्रिदला दुसरा आला. तेव्हाचा जगज्जेता कार्लसन म्हणाला, मला आता जगज्जेतेपदासाठी खेळायचंच नाही. त्याच्या जागी डिंग. अस्तानात नेपोम्नियाचीला हरवून 30 एप्रिल 2023 ला तो जगज्जेता.

रिकामी खुर्ची, वरून आलेला फोन, एकाची माघार, दुसऱ्याची वर्णी. आमच्या गावाला ही गोष्ट नवी वाटत नाही. फरक एवढाच, की खुर्ची मिळाल्यावरही डिंगला खेळून जिंकावं लागलं.

पुढे काय झालं? कारखाना यंत्राची निगा राखतो, मन कोण बघणार? जगज्जेता झाल्यावर डिंगची झोप उडाली. नैराश्य आलं. त्याने ते लपवलं नाही, जाहीर सांगितलं. महिनोन् महिने तो पटापासून लांब राहिला, खेळला तेव्हा हरत राहिला. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर. चौदावा, शेवटचा डाव. बरोबरीकडे निघालेला. 55व्या चालीला त्याने हत्ती नको त्या घरात सरकवला, आणि समोर बसलेल्या 18 वर्षांच्या गुकेशचे डोळे मोठे झाले.

पन्नास वर्षं खपून चीनने मिळवलेलं शिखर वीस महिनेही टिकलं नाही. एका हत्तीने घालवलं.

पण हरल्यावर डिंगने हात मिळवला, सही केली, गुकेशचं कौतुक केलं. मशीनला दोष दिला नाही. बुद्धिबळातही मशीन असतं बरं का! फक्त ते चूक कोणाची हे लगेच सांगतं. म्हणून तर हा खेळ आपल्या पुढाऱ्यांना परवडत नाही.

दुसरी चिनी, हू यिफान. चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर, सोळाव्या वर्षी जगज्जेती. तिरानात 2011 साली तिने हम्पीलाही हरवलं. आणि मग हिने काय करावं? जगज्जेतेपदाच्या रांगेतून बाहेर पडली, ऑक्सफर्डला गेली, शेन्झेन विद्यापीठात प्राध्यापक झाली. अधूनमधून खेळते, तरी महिलांच्या यादीत वर्षानुवर्षं पहिली. जून 2025 मध्ये लंडनच्या ब्लिट्झमध्ये दिव्याने तिला हरवलं, तेव्हा खुद्द पंतप्रधानांनी अभिनंदन केलं.

आमच्याकडे प्राध्यापक व्हायचं तर आधी संस्थाचालकाला जिंकावं लागतं. आणि तिथे बरोबरी चालत नाही.

मग दिव्या कुठल्या कारखान्याची? कुठल्याच नाही. बिगर नोंदीचा ऊस. आई-वडील दोघेही डॉक्टर, घर नागपूरचं. बियाणं घरचं, पाणी घरचं, राखणही घरची. 2022 ला राष्ट्रीय विजेती, 2023 ला आशियाई विजेती. त्याच वर्षी कोलकात्यात टाटा स्टीलच्या जलद स्पर्धेत मानांकनात सगळ्यात खाली असून पहिली आली, ज्यू वेनजूनला मागे टाकून. 2024 ला ज्युनिअर जगज्जेती, आणि बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये संघाचं सुवर्ण आणि वर स्वतःचं वेगळं सुवर्ण. त्या संघाचा कर्णधार होता पुण्याचा अभिजित कुंटे, भारताचा चौथा ग्रँडमास्टर.

मुलींच्या सुवर्णात पुण्याचा वाटा होता, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे? विचारू नका. ते ‘आम्हाला माहीत होतं’ असंच म्हणतील.

विश्वचषकानंतर राज्य सरकारने दिव्याला तीन कोटी दिले. चांगलं केलं. त्यात खुसपट काढायला मी काही विरोधी पक्षात नाही. पण पैसे आले कधी? ऊस तुटल्यावर, गाळप झाल्यावर, साखर विकल्यावर. एफआरपीची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला हे कौतुक सांगू नये. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘लागणीला कोण होतं?’

आणि लागण चालू असताना आम्ही काय करत होतो? जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समध्ये खेळून आल्यावर दिव्याने समाजमाध्यमावर लिहिलं होतं, की प्रेक्षक तिच्या डावापेक्षा कपडे, केस आणि बोलण्याची ढब बघतात. तेव्हा ती 18 वर्षांची होती. दीड वर्षाने ती जिंकली आणि हेच डोळे अभिमानाने पाणावले.

डोळे तेच. फक्त चष्मा बदलला.

बातुमीची एक गोष्ट मला फार आवडते. जॉर्जियात म्हणे मुलीच्या हुंड्यात बुद्धिबळाचा पट द्यायची जुनी रीत होती. नोना गाप्रिंदाश्विली, माया चिबुर्दानित्झे या जगज्जेत्या तिथल्याच. आमच्या भागात हुंड्यात पट दिला तर वरबाप विचारेल, ‘यातला घोडा आम्ही बघितला, गाडी कुठे लावलीय?’

पण महाराष्ट्राला तरी नावं कशाला ठेवा? 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती जिंकली वासंती खाडिलकरने. पुढे जयश्री, रोहिणी. पहिली दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद एकाच घरात! वडील नीलकंठ खाडिलकर, ‘नवाकाळ’चे संपादक. दहा वर्षं एकाच घरात खुर्ची आणि कुणाची हरकत नाही, अशी घराणेशाही या राज्यात तेवढी एकच झाली.

काटेवाडीत बसून हे वाक्य लिहायला काळीज लागतं. लिहिलं.

यातली रोहिणी 1976 साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय 13. पुरुषांना घाम फुटला. मुलगी पुरुषांत कशी, म्हणून गदारोळ. प्रकरण कोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं, की बायकांना अडवता येणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीपुढे नियमाचं पुस्तक बदललं. पुढे 1981 साली ती आशियाई विजेती झाली. आणि आम्ही 2025 साली विचारतो, ‘मुली बुद्धिबळात एवढ्या पुढे अचानक कशा?’

अचानक? एकोणपन्नास वर्षं झाली की हो!

आता घराजवळचं. एप्रिल 2025 मध्ये पुण्यात महिलांची ग्रांप्री झाली. हम्पी होती, दिव्या होती, चीनची ती झू जिनरही होती. हम्पी आणि झू दोघींचे सात-सात गुण, टायब्रेकवर हम्पी पहिली, दिव्या तिसरी. जगातल्या निवडक दहा जणी काटेवाडीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बसल्या होत्या. त्याच दिवसांत आमच्या पंचक्रोशीतले कितीतरी जण पुण्याला जाऊन आले.

कामं होती. बाकी काही नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गोव्यात खुला विश्वचषक झाला. चषकाला नाव विश्वनाथन आनंदचं. उपांत्य फेरीत भारतीय एकही नाही. अर्जुन एरिगैसीला चीनच्या वेई यीने घरी पाठवलं आणि वेई यीला उझबेकिस्तानच्या सिंदारोव्हने अंतिम फेरीत. यजमान आम्ही, नाव आमचं, जेवणावळ आमची. ताट मात्र ताश्कंदला गेलं.

दिव्या जिंकल्यावर गावोगाव क्लास निघाले. बारामतीत काय, इंदापुरात काय, ‘चेस अकॅडमी’चे फलक लागले. मीही एका पालकाला विचारलं, पोराला का घातलं? म्हणाले, ‘दहावीला क्रीडा गुण मिळतात. शिवाय डोकं शांत राहतं, मोबाइल सुटतो.’ क्लास कुठे चालतो?

मोबाइलवर.

एका शाळेत (नाव नको) बुद्धिबळाचा संच बघायला मागितला. सरांनी कपाट उघडलं. खोका नवाकोरा, प्लॅस्टिकचं वेष्टणही तसंच. म्हटलं, मुलं खेळत नाहीत? सर म्हणाले, ‘देतो कधीकधी. पण सोंगट्या हरवतात हो, मग तपासणीला अडचण येते.’ बत्तीसचे बत्तीस मोहरे जागेवर, कागद चोख. एका बाजूला राजा उभा, दुसऱ्या बाजूला राजा उभा, दोघांच्या अंगावर प्लॅस्टिक, त्यावर धूळ.

डिंगच्या शंभर डावांचा विक्रम या पटाने कधीच मोडला. अजून एकही डाव हरलेला नाही.

आमच्या लहानपणी वाड्यातली म्हातारी माणसं देशी नियमांनी खेळायची. प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं, आणि राजाला आयुष्यात एकदा घोड्यासारखी अडीच घरं मारायची मुभा. डाव संध्याकाळी लागला की गोठ्यातली धार काढायची राहायची. आजी कंदील उचलून घरात न्यायची, की डाव तहकूब. त्यांच्यातला कोणी ग्रँडमास्टर झाला नाही. पण ‘शह’ हा शब्द त्यांनी कधी पुढाऱ्यासाठी वापरला नाही. शह द्यायचा म्हणजे समोरच्याला तोंडावर सांगायचं, ‘तुझा राजा सापडलाय, सांभाळ.’ सगळं उघड, सगळं पटावर. पाठीमागून काही नाही.

याला जर बुद्धिबळ म्हणतात, तर पहाटे गुपचूप झालेल्या शपथविधीला काय म्हणायचं?

पत्ते म्हणा हवं तर. निदान पत्त्यात हात लपवायची परवानगी असते.

तर पेपरवाल्यांना एक विनंती. पुढच्या वेळी काटेवाडीत कोणी गालात हसलं, तर ‘हसले’ एवढंच छापा. आणि ती वाचलेली चार ओळींची जागा दिव्याच्या पुढच्या डावाला द्या.

आणि गावकऱ्यांना दुसरी. पट माझ्याकडे आहे. पांढऱ्याचा एक घोडा हरवलाय, त्याच्या जागी सोड्याच्या बाटलीचं झाकण ठेवलंय. रविवारी सकाळी दहाला पारावर या. पोरींना घेऊन या. झाकण अडीच घरं चालतं, तेवढं ध्यानात ठेवा.